राज्याचे शस्त्र आणि माणसाचा नकार

नोव्हेंबर १९३८मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधींनी ज्यूंविषयी एक लेख लिहिला. मानवतेसाठी कुठले युद्ध समर्थनीय ठरणार असेलच, तर ते जर्मनीविरुद्धचे, असे त्यात मान्य केले. आणि लगेच सांगितले की आपला कुठल्याच युद्धावर विश्वास नाही. हेच गांधी १९१८ साली खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या फौजेसाठी गावोगाव माणसे मागत फिरले होते. तेव्हा त्यांची भूमिका पहिल्यापासून दगडात कोरलेली होती, असे समजायचे कारण नाही.

सप्टेंबर १९३९मध्ये व्हाइसरॉयने भारताला न विचारता युद्धात ओढले. वर्ध्यात जमलेल्या काँग्रेस कार्यसमितीने १४ तारखेच्या निवेदनात नाझी आक्रमणाचा निषेध केला, पण ब्रिटनलाही विचारले: लोकशाहीसाठी लढत असाल, तर ती आम्हाला लागू आहे का? यात राजकीय सौदा होताच. म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

खरी कसोटी जून १९४०मध्ये लागली. पॅरिस नुकतेच पडले होते. कार्यसमिती पुन्हा वर्ध्यात बसली आणि सेवाग्राम जवळच असताना तिने गांधींपासून फारकत घेतली. स्वातंत्र्यलढा अहिंसेनेच लढू. परचक्रापासून देशाचे रक्षणही अहिंसेनेच करू, असे मात्र आम्हाला म्हणता येत नाही, असा त्या ठरावाचा आशय. मला तो ‘भारत छोडो’इतकाच मोलाचा वाटतो, त्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. राज्य हाती यायला सात वर्षे होती, पण राज्यकर्त्याची जबाबदारी तिथेच मानेवर येऊन बसली. प्रतिकार न करता मरण पत्करणे हे एखाद्याचे व्रत असू शकते. कोट्यवधींच्या वतीने ते व्रत कोणी घ्यायचे? खान अब्दुल गफार खानांना हा ठराव पटला नाही. ते कार्यसमितीतून बाहेर पडले. त्यांचे चुकले, असेही मला म्हणवत नाही.

त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. समितीने राज्याला शस्त्र दिले होते. विनोबांनी माणसाच्या हाती नकार दिला. पुढे जुलै १९४२च्या वर्धा ठरावात जपानला रोखण्यासाठी दोस्तांच्या फौजा भारतात राहू देण्याची तयारी दिसते, तीही गांधींच्या संमतीने. १९४७मध्ये काश्मीरला सैन्य गेले, तेव्हाही त्यांनी विरोध केला नाही.

याच वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे. अनेकांना यात विसंगती दिसते. मला नाही, जून १९४० मान्य केले की पुलगाव ओघानेच येते. पवनार मात्र ओघाने येत नाही, त्याची किंमत मोजावी लागते. चीनच्या युद्धानंतर, मार्च १९६३मध्ये सर्वोदयी नेते शंकरराव देव सहकाऱ्यांसह मैत्रीयात्रेसाठी दिल्लीहून पेकिंगकडे पायी निघाले, तेव्हा आपल्याच लोकांचा रोष त्यांना सोसावा लागला. चीनने तर त्यांना सीमेच्या आत येऊच दिले नाही.