रंग कोणाचा?

श्रीपांडुरंगाच्या कृपेने या अंकी आम्ही जो विषय घेतला आहे, तो पाहून काही जुने वाचक नाक मुरडतील हे आम्ही जाणून आहो. परमार्थाच्या मासिकात पाखरांचे काय काम, असे ते म्हणतील. त्यांस आमचे एवढेच सांगणे की, कीर्तनातून चातक, चकोर, राजहंस आणि मोर ही चार पाखरे उडून गेली तर आम्हा बुवालोकांची निम्मी शिदोरी संपेल! तेव्हा सज्जनहो, घटकाभर ऐका.

माघ वारीचे दिवस होते. पंढरीस जाताना आम्ही भिगवणास उतरलो आणि कुंभारगावच्या अंगाला उजनीच्या पाण्याकाठी गेलो. आमच्याबरोबर एक वृद्ध माळकरी व त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू होता. उथळ पाण्यात शेकडो रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. उंच काड्यांसारखे पाय, वाकडी चोच, आणि पंख उघडला की आत गुलाल सांडल्यासारखा रंग. पोरगे हरखले. म्हणाले, "आजोबा, यांना कुणी रंगवलं?" आजोबा म्हणाले, "देवानं."

उत्तर खरेच आहे. परंतु देव कसा रंगवतो हे पाहू लागले म्हणजे मौज वाटते. रोहिताचे पिल्लू जन्मते तेव्हा पांढुरके-करडे असते. पाण्यातले शेवाळ व बारीक किडे-कोळंब्या यांत जे तांबडे-नारिंगी द्रव्य असते, ते खाऊन खाऊन वर्षादोनवर्षांत त्याच्या पिसांत उतरते. तसे अन्न मिळाले नाही तर पुढची पिसे फिकी येतात. प्राणिसंग्रहालयांत हे दिसून आले, आणि आता तेथे त्या द्रव्याचे अन्न मुद्दाम घालतात. म्हणजे ज्याला आपण रोहिताचा रंग म्हणतो तो पाण्याकडून उसना घेतलेला. आणि हे पाणी भीमेचे. तेच खाली पंढरीत चंद्रभागा होऊन वाहते.

निळ्या रंगाची गोष्ट याहून नवलाची. मोराचे पीस घ्या, खंड्याचे घ्या, की दक्षिण अमेरिकेतील मोठ्या निळ्या पोपटाचे घ्या. त्यांत निळे द्रव्य औषधालाही नाही. पीस कुटून भुकटी केली तर ती काळपट तपकिरी निघते. (वाचकांनी करून पाहू नये. शास्त्रज्ञांनी ते पाप आधीच केले आहे.) पिसाच्या आत डोळ्यांस न दिसणारी बारीक रचना असते. तिच्यावर पडलेल्या उजेडातून निळा तेवढा माघारी येतो. उजेड गेला की रंग गेला. आणि राघूचा हिरवा? पिसात द्रव्य असते ते पिवळे; निळा हा उजेडाचा खेळ; दोन्ही मिळून आपल्या डोळ्याला हिरवा दिसतो. येथे आमच्या सावळ्या विठोबाच्या रंगाचा दृष्टांत जोडण्याचा मोह आम्हांस फार झाला; पण ओढूनताणून जोडलेला दृष्टांत हा परक्याच्या पायातल्या वहाणेसारखा असतो, चालताना बोचतो. म्हणून तो सोडला.

राघूचे नाव निघताच वृद्ध माळकरी थबकले. म्हणाले, "बुवा, एक इचारू का? माझ्या घरी राघू हाय. धा वर्सं झाली. सकाळ-संध्याकाळ 'विठ्ठल विठ्ठल' म्हनतो. कुनी म्हनतं पिंजऱ्यात ठेवनं पाप. आता सांगा, त्याच्या तोंडी नाम हाय, त्याला पुन्य नाही का? आनि मला?"

प्रश्न साधा नव्हता. आम्ही त्यांना तेथे लगेच उत्तर दिले नाही. वाटेत जे बोलणे झाले तेच येथे विस्ताराने लिहितो.

पृथ्वीच्या पाठीवर रंगाने सर्वांत नटलेली पाखरे कोणती असे विचारले तर पुष्कळ जाणते न्यू गिनी बेटाकडे बोट दाखवतील. तेथे व आसपासच्या बेटांत ज्यांना स्वर्गपक्षी म्हणतात त्यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. (आपल्या रानातला स्वर्गीय नर्तक तो निराळा.) काहींच्या कुशीतून सोनेरी पिसांचे कारंजे निघते, काहींच्या शेपटीला तारा असतात. मादी मात्र बहुधा मातकट, तपकिरी. मोठ्या स्वर्गपक्ष्यांचे नर एखाद्या उंच झाडाच्या शेंड्यावर जमतात, पिसारे उभारून नाचतात. मादी पाहते, निवड करते आणि निघून जाते. घरटे तिने एकटीने बांधायचे, पिल्ले तिने एकटीने वाढवायची. नाचणाऱ्याचे नाव जगभर झाले. पिल्लांच्या तोंडी चारा घालणारीला कोणी विचारत नाही. आमच्या माता-भगिनी हे वाचून हसतील.

या पक्ष्याला स्वर्गपक्षी हे नाव का पडले? १५१९ साली मॅगेलन नावाचा दर्यावर्दी स्पेनहून निघाला. तो वाटेतच मारला गेला; परंतु त्याचे एक जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून १५२२ साली परत पोचले. त्यावर मसाल्याच्या बेटांतील एका राजाने स्पेनच्या राजाला भेट दिलेले वाळविलेले पक्षी होते. पुढे अशी कातडी व्यापाऱ्यांच्या हाती पुष्कळ आली. न्यू गिनीचे लोक पक्षी वाळवताना त्याचे पाय कापून टाकीत. युरोपातल्या पंडितांनी बिनपायाचा पक्षी पाहिला आणि ठरवून टाकले की याला पाय नसतातच! हा कधी जमिनीवर उतरत नाही, आकाशातच राहतो, दवबिंदूंवर जगतो. ग्रंथांची पानेच्या पाने भरली. १७५८ साली लिनियस या विद्वानाने त्याला शास्त्रीय नाव दिले, त्याचाही अर्थ 'पाय नसलेला' असाच आहे, आणि ते नाव आजतागायत चालू आहे. पाय आम्हीच कापले आणि मग पाय नाहीत म्हणून त्याला देवलोकीचा ठरवले. वाचकहो, हे वाक्य जरा ध्यानात ठेवा. राघूच्या गोष्टीत ते पुन्हा लागणार आहे.

त्यानंतर शंभर वर्षांनी वॉलेस नावाचा निसर्गशोधक आरू बेटांत गेला. १८५७ साल. त्याने हे पक्षी रानात प्रत्यक्ष पाहिले. पुढे १८६९ साली छापलेल्या ग्रंथात त्याने एक विचार मांडला आहे. त्याचा आशय असा की, ही पाखरे पिढ्यानुपिढ्या या अंधाऱ्या अरण्यात जन्मली आणि मेली. पाहणारा कोणी नव्हता. तेव्हा सगळे प्राणी माणसासाठी केलेले नाहीत हे उघड आहे. आणि सुधारलेला माणूस येथे पोचेल तेव्हा ज्या सौंदर्याची पारख त्यालाच आहे ते तोच नाहीसे करील. किती मोठे वैराग्याचे बोल! तथापि हे लिहिणारा स्वतः बंदूक घेऊनच गेला होता आणि हजारो पक्ष्यांची कातडी त्याने मायदेशी धाडली, हेही सांगितले पाहिजे. कळणे आणि वळणे यांत अंतर असते. आम्हांस ते परके नाही.

वॉलेसचे भय खरे झाले. युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पिसे, पंख, नव्हे अख्खे पक्षी खोवण्याचा षोक निघाला. लंडनच्या बाजारात पिसांचे लिलाव होऊ लागले. न्यू गिनीचे लोक पूर्वापार ही पिसे डोक्याला लावून नाचत आले, पण त्यांनी रान ओस पाडले नव्हते. बाजार लागला तेव्हा ते पडू लागले. मग ही चाल मोडली कोणी? बायकांनीच. १८८९ साली इंग्लंडात मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईने मैत्रिणी जमवून नेम घेतला की पक्ष्यांची पिसे अंगावर घालणार नाही. १८९६ साली अमेरिकेत बॉस्टन शहरी दोघी बायकांनी तेच केले. गळ्यात माळ पडली म्हणजे आपण काही गोष्टी सोडतो, तसलाच हा नेम. हसणारे हसले. परंतु १९२१ साली इंग्लंडात पिसांच्या आयातीस कायद्याने बंदी आली. आपल्या देशातून पिसे बाहेर धाडण्यास त्याआधीच, १९०२ साली, बंदी झाली होती.

टोपीवरचे पीस गेले. पिंजरा राहिला.

ब्राझील देशात साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यात, काटेरी झुडपांच्या कोरड्या मुलखात, ओढ्याकाठच्या झाडांच्या ढोलींत एक निळा पोपट राहत असे. स्पिक्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला तो १८१९ साली मिळाला, म्हणून त्याच्याच नावाने ओळखला जातो. आधीच थोडा. झाडे तुटली, आणि शौकिनांनी पिल्ले ढोलीतून काढून विकली. जितका विरळ झाला तितकी किंमत चढली, आणि जितकी किंमत चढली तितका विरळ झाला. १९९० साली शोध घेतला तेव्हा साऱ्या रानात एकच नर उरला होता. एकच! जातीचे कोणी मिळेना, म्हणून त्याने दुसऱ्या जातीच्या मादीशी जोडी केली. १९९५ साली पिंजऱ्यातली एक मादी त्याच्यासाठी रानात सोडली. ती थोड्याच काळात नाहीशी झाली. तो आणखी पाच वर्षे त्या ओढ्यांवरून उडत राहिला. २००० सालानंतर तो कोणाला दिसला नाही. विरहाची वर्णने आम्ही कीर्तनात पुष्कळ केली, डोळ्यांतून पाणीही काढले. पण त्या एका पाखराची दहा वर्षे मनात आली की आमचे शब्द आम्हांस पोकळ वाटतात.

पिंजऱ्यांत मात्र काही उरले होते. त्यांची वीण वाढवून २०२२ सालच्या जूनमध्ये आठ पक्षी त्याच मुलखात सोडले. पुढे रानातल्या ढोलीत पिल्लेही झाली. पण वाट अवघड आहे. रोगराईचे भय आहे, आणि रानात जगण्याची रीत शिकवायला जुना जाणता पक्षी तेथे कोणी उरलेला नाही.

आता माळकरीबाबांच्या प्रश्नाकडे येऊ. ते म्हणाले, "बुवा, गणिकेनं राघूला रामनाम शिकवलं आनि ती तरली, हे तुमीच कीर्तनात सांगता ना?" होय, सांगतो. नामाचा महिमा कमी करावा असे ज्याच्या मनात येईल त्याची जीभ झडो. परंतु कथा नीट पाहा. गणिका तरली ती राघूला शिकविता शिकविता तिच्या स्वतःच्या मुखी नाम आले म्हणून. राघूचे पुढे काय झाले, हे कथेकरी सांगत नाहीत. आम्हीही कधी सांगितले नाही. सुचलेच नाही.

आणि आता जे सांगावयाचे ते आजवर लिहिले नव्हते. आमच्याही घरी राघू होता. वडिलांनी आठवडेबाजारात घेतला होता, अजून पुरती पिसे न फुटलेला. आम्हीच त्याला विठ्ठलनाम शिकविले. आल्यागेल्यास ऐकवावे, लोकांनी धन्य धन्य म्हणावे, आम्ही फुगावे. आठ वर्षे गेली. एका एकादशीस भूतदयेवर निरूपण करून आलो, अंगात आवेश होता, त्याच रात्री ठरविले आणि सकाळी पिंजऱ्याचे दार उघडले. तो बाहेर येईना. आम्ही हाताने काढून उडविला. जेमतेम अंगणातल्या लिंबापर्यंत गेला. कावळे जमले. आम्ही दगड मारले, ओरडलो. तो बिचारा फांदी धरून मोठ्याने "विठ्ठल विठ्ठल" करीत होता. रानातले राघू संकटात कसे ओरडतात हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. आम्ही शिकविलेले तेवढेच त्याला येत होते.

आई त्या दिवशी जेवली नाही.

तेव्हा माळकरीबाबांना आम्ही सांगितले, "तुमचा राघू पुण्यवान की नाही हे पांडुरंग जाणे. पण त्याचे पंख आपण बांधले, आणि मग तो उडत नाही, नाम घेतो, म्हणून त्याला भक्त ठरविले. स्वर्गपक्ष्याचे पाय कापणाऱ्यांहून आपण शहाणे कसे?" ते गप्प राहिले. मग म्हणाले, "तर मग उद्याच सोडतो."

आम्ही त्यांचा हात धरला. म्हटले, "बाबा, ते नका करू. आम्ही केले ते पाहिले ना?" १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या रानचा पोपट पकडणे, विकणे, घरी ठेवणे हा गुन्हा आहे, हे पुष्कळ माळकऱ्यांना आजही ठाऊक नाही. पण ज्याचा जन्म पिंजऱ्यात गेला त्याला एकदम उडविणे म्हणजे मारणेच. वनखात्याकडे जावे, पक्षी त्यांच्या स्वाधीन करावा. त्याचे पंख, वय, प्रकृती पाहून काय करावयाचे ते तेथले जाणकार ठरवितात. आणि बाजारात ढोलीतून काढलेली पिल्ले विकावयास आली तर दया येऊन विकत घेऊ नयेत. आज एक घेतले की विकणारा उद्या दुसऱ्या ढोलीत हात घालतो.

नातू एवढा वेळ ऐकत होता. म्हणाला, "मग आजी कुणाशी बोलंल?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजोबांपाशीही नव्हते.

चैत्री वारीस ते पुन्हा भेटले. राघू वनखात्याच्या माणसांनी नेला होता. आजी पहिले आठ दिवस रडली, मग परसातल्या भिंतीवर पाण्याचे मातीचे भांडे ठेवू लागली. साळुंक्या येतात, बुलबुल येतात, बोरीवर कधी राघूंचा थवा उतरतो आणि कलकलाट करून जातो. पिंजऱ्याचे काय केले, म्हणून आम्ही विचारले. तो अजून माळ्यावरच आहे म्हणाले. भंगारवाला भाव बरा देईना.