अश्रूंना मुभा देणारा आनंद

ख्रिस्ती घरात कुणी गेलं की भेटायला आलेल्यांपैकी एखादं तरी म्हणतंच, "रडू नका, ते देवाघरी गेले." म्हणणाऱ्याच्या मनात माया असते; पण हे सांत्वन मला कधी पुरलं नाही. श्रद्धा असली की रडू येऊ नये, ही अपेक्षा फार जुनी आहे आणि भल्याभल्यांना तिने छळलं आहे.

इ.स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात संत ऑगस्टीनची आई मोनिका वारली. त्याने तिचे डोळे मिटले. त्याच्या किशोरवयीन मुलाने हंबरडा फोडला, तर सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं. असं पुण्यमरण आलेल्या बाईसाठी आक्रोश कसला? मग स्तोत्र सुरू झालं. दफनाच्या वेळीही ऑगस्टीनने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मन हलकं व्हावं म्हणून अंघोळ करून पाहिली, तीही व्यर्थ गेली. झोपून उठल्यावर मात्र एकटा असताना, देवासमोर, त्याचा बांध फुटला. पुढे आत्मकथनात हे लिहिताना तो वाचकाला विनवतो, की यात पाप दिसलं तरी मला हसू नका. आईसाठी तासाभराचाही नाही, इतका थोडा वेळ रडल्याबद्दल ही विनवणी! वाचताना आजही पोटात तुटतं.

त्याच काळात रोममध्ये फाबिओला या दानशूर स्त्रीच्या अंत्ययात्रेत 'आलेलुया' या आनंदस्तुतीचा घोष झाला, असं संत जेरोमने लिहून ठेवलं आहे. मध्ययुगात हा सूर हरवला. धर्मगुरूंची वस्त्रं काळी झाली, अंत्यविधीच्या मिस्सेतून आलेलुया गेलं आणि न्यायाच्या दिवसाची धडकी भरवणारं 'दिएस इरे' आलं. मागे उरलेल्यांच्या वाट्याला धाकच जास्त आला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितलं, की अंत्यविधीतून ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानातला सहभाग अधिक स्पष्ट दिसावा. १९६९ मध्ये नवा विधी आला आणि आलेलुया परतलं. आता शवपेटीजवळ पास्काची मेणबत्ती तेवते, बाप्तिस्म्याची आठवण म्हणून पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात. पहिल्या बाकावर बायको हमसून हमसून रडत असते, मागून गायन चाललेलं असतं, आणि दोन्ही एकमेकांना अडवत नाहीत.

मला तरी हा शुभवर्तमानातल्या बेथानीकडे, लाजर आणि त्याच्या बहिणी मार्था-मरीया यांच्या गावाकडे, परतण्याचा रस्ता वाटतो. मेलेल्या लाजरला उठवायचं आहे, हे येशूला ठाऊक होतं. निघतानाच त्याने शिष्यांना तसं सुचवलं होतं. तिथे पोचल्यावर मार्था म्हणाली, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया आली, तिचीही तक्रार शब्दशः तीच. मार्थाला त्याने पुनरुत्थानाचं वचन दिलं. मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला. आणि लाजर अजून कबरीतच होता.