तिथीची पाऊणपट

थंडी उतरणीला लागली की सदाशिव पेठेतल्या कितीतरी घरांत कोकणाचे बेत शिजू लागतात. यंदा हॉटेल नको, तंबूच लावू, असा मुलांचा हट्ट असतो. यादी होते. तंबू, सतरंज्या, टॉर्च, पाण्याचे कॅन, थालीपिठाची भाजणी. रस्ता पाठच असतो: चांदणी चौक, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा आणि पुढे हरिहरेश्वर. अंतर साधारण १७० किलोमीटर. पेठेचं आणि त्या किनाऱ्याचं नातं जुनं आहे. ज्या सदाशिवरावभाऊंचं नाव या पेठेला आहे, त्यांचं घराणं श्रीवर्धनचं आणि कुलदैवत हरिहरेश्वर. निघायची वेळ आपण ठरवतो, जेवणाची ठरवतो, परतायचीही ठरवतो. समुद्राची वेळ मात्र कुणी पाहत नाही. ती जिच्यावरून कळते ती तिथी तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात रोज छापलेली असते.

कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार आणि दुपारी पुन्हा साधारण त्याच वेळेला. मग सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण बेत आखायला एवढा अंदाज पुरतो. लहानपणी पाऊणकी घोकलेल्या आजीला तर कागदही लागत नाही. हरिहरेश्वरला हा हिशोब फार उपयोगी पडतो. तिथल्या प्रदक्षिणेची वाट डोंगरावरून पायऱ्यांनी थेट खडकाळ किनाऱ्यावर उतरते आणि ती ओहोटीलाच करता येते. पुनवेला सकाळी अकराला पोहोचलात तर समोर उधाणाची भरती असेल. वरूनच हात जोडायचे. पंचमीला गेलात तर दहाच्या सुमाराला खडक मोकळे असतील आणि लाटांनी कोरलेली त्यांची जाळीदार नक्षी हात लावून पाहता येईल.

तंबूचंही तसंच. किनाऱ्यावर शिंपले, काटक्या आणि वाळलेल्या शेवाळाची एक रेघ दिसते. मागच्या भरतीचं पाणी तिथवर आलेलं असतं. तंबू त्या रेघेच्या बराच वर, सुरूच्या बनाकडे लावावा. कुणाची वाडी असेल तर आधी विचारून. गाडी वाळूत उतरवूच नये. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती कुणासाठी थांबत नाही. बागमांडल्याहून फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडली की वेशवी, आणि तिथून वेळास जवळच. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तिथं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वाळूतून वर येतात. उजेड दिसेल तिकडे ती वळतात, म्हणून अशा किनाऱ्यावर रात्री टॉर्च नको आणि शेकोटीही नको. गाडीच्याही वेळा असतात. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना, घराजवळच्या पंपावरच पाहावी. घाट उतरून तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो आणि आपण हवा उगाच कमी करून बसतो. स्टेपनीची हवा त्याच वेळी पाहून घ्यावी, कारण ती एरवी कुणाच्या ध्यानातच नसते. रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. आणि परत आल्यावर कितीही दमलो असलो, तरी गाडी दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवायची, खालच्या अंगानं सुद्धा. खारट वाळू पत्र्याला चिकटून राहिली की गंज लागलाच.

दुसऱ्याची वेळ आधी पाहायची ही सवय मला फार मोलाची वाटते. तिच्यात कमीपणा काही नाही, आणि दिवस हलका होतो. ऑफिसात कुणाला फोन लावताना नुसतं ‘आत्ता बोलता येईल का?’ म्हटलं, तरी पलीकडचा माणूस सैलावतो. कामाला येणाऱ्या मावशींना पुढच्या घरी किती वाजता पोहोचायचं असतं, हे एकदा विचारून घेतलं, तर आपली भांडी वेळेवर रिकामी करून ठेवायला कितीसा वेळ लागतो? घरात तर हे आणखी सोपं आहे. सहलीची तारीख ठरण्याआधी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाशी आज दोन मिनिटं बोलून घ्या. आजोबांना किती तासांनी उतरून पाय मोकळे करावे लागतात? आजीच्या गोळ्या जेवणाआधीच्या की नंतरच्या? धाकट्याला घाटात मळमळतं, मग त्याला खायला कधी द्यायचं? चहाला पौडलाच थांबायचं की ताम्हिणी उतरून माणगावला, हे मग त्यांच्याकडूनच कळेल.