मोहफुले पडत होती तेव्हा



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे अर्ज भरून घेण्यासाठी मुलामुलींची ये-जा सुरू होते. असाच एक तरुण भामरागडजवळच्या आपल्या गावाहून आला होता. सोबत त्याची आई होती. अर्ज भरता भरता आम्ही जन्मतारखेच्या रकान्यापाशी आलो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून ही तारीख होती. आपल्या भागात १ जूनला जन्मलेली माणसे किती आहेत, हे आपणास ठाऊकच आहे. ज्या मुलाच्या जन्माची नोंद नसे, त्याचे वय अंदाजाने धरून गुरुजी दाखल करून घेताना १ जून लिहून टाकीत.

आम्ही सहज त्याच्या आईला विचारले, "बाई, हा नक्की कधी जन्मला?" तिला मराठी कळते, पण ती बोलते माडिया. मुलगाच दुभाष्या झाला. ती म्हणाली, मोहफुले पडत होती तेव्हा. म्हणजे मार्च किंवा एप्रिल, जून नव्हेच. मग ती सांगतच राहिली. मुलगा वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत होता आणि एका ठिकाणी थांबला. आम्ही वाट पाहिली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "फादर, आई म्हणते, तिला हिवताप झाला होता. दूध येत नव्हते. दोन महिने मला मोठ्या काकूने पाजले. हे मला ठाऊक नव्हते."

हा मुलगा सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेला. तिथेच वाढला, शिकला. सुट्टीत घरी येई, पण आपण कसे जन्मलो हे त्याने कधी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. ती काकू त्याच गावात राहते. येता-जाता तिला नुसते ओळखीचे हसून तो पुढे जात असे.

या प्रसंगावरून आम्ही बरेच दिवस विचार करीत आहोत. 'मी' असे आपण दिवसातून शंभरदा म्हणतो. पण या 'मी'ची सुरुवात आपल्यापैकी एकानेही पाहिलेली नाही. मानसशास्त्रज्ञ सांगतात की, साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे सहसा कोणालाच आठवत नाही. ज्या काळात आपण मान धरायला, बसायला, चालायला, बोलायला शिकलो, तो सगळा काळ आपल्या हाती नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी आठवणीत आहे. आपल्या आयुष्याचे पहिले पान दुसऱ्याच्या घरी ठेवलेले आहे.

सोळाशे वर्षांपूर्वी एका माणसाने हा प्रश्न फार गांभीर्याने हाताळला. संत ऑगस्टीन यांचा जन्म इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. ते गाव आजच्या अल्जीरिया देशात आहे. बिशप झाल्यावर, वयाच्या चाळिशीत, त्यांनी 'कन्फेशन्स' हा ग्रंथ लिहिला. पापाची कबुली आणि देवाची स्तुती, असे दोन्ही अर्थ त्या नावात आहेत. आपली कहाणी ते थेट तान्हेपणापासून सुरू करतात आणि प्रामाणिकपणे सांगतात की, त्यातले आपल्याला काहीच आठवत नाही. मग ते कसे कळले? मोठ्यांनी सांगितले म्हणून, आणि दुसरी तान्ही बाळे पाहिली म्हणून. आपल्याला आईने आणि दायांनी पाजले, असे ते लिहितात आणि पुढे जाऊन म्हणतात की, ते दूध त्या बायांनी स्वतः निर्माण केलेले नव्हते; त्यांच्याद्वारे ते देवानेच दिले होते. काकूची गोष्ट ऐकताना आम्हाला हेच आठवले.

यातून पहिली गोष्ट कळते. स्वतःला ओळखण्याची सुरुवात विश्वासाने होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की, स्वतः तपासल्याशिवाय काही मानू नये. नियम चांगला आहे. पण आपली आई कोण, हेसुद्धा आपण कोणीतरी सांगितले म्हणूनच मानतो. आधी विश्वास आणि मग तपासणी, असाच माणसाच्या वाढीचा क्रम आहे. श्रद्धेला अंधळेपणा म्हणणाऱ्यांनी आणि विचाराला पाप म्हणणाऱ्यांनीही हा क्रम ध्यानात घ्यावा.

दुसरी गोष्ट भाषेची. 'मी' हा शब्दसुद्धा आपण दुसऱ्याच्या तोंडून उचलला. मोठी माणसे एखाद्या वस्तूकडे वळून जो आवाज काढीत, तो लक्षात ठेवून आपण बोलायला शिकलो, असे ऑगस्टीन सांगतात. आता आपल्याकडच्या माडिया मुलाचा विचार करा. घरी माडिया, शाळेत मराठी. माडिया ही तेलुगू-गोंडीच्या कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. सहा वर्षांचे ते मूल वर्गात बसते तेव्हा त्याने कमावलेला एकही शब्द तिथे चालत नाही. ते गप्प बसते आणि आपण म्हणतो, मूल मंद आहे.

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला आले, तेव्हा रुग्णाशी बोलता यावे म्हणून ते दोघे माडिया शिकले. १९७६ साली शाळा सुरू झाली. त्या शाळेतून शिकलेली मुले पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पहिली: शिकवणाऱ्याने आणि बरे करणाऱ्याने आधी समोरच्याची भाषा शिकावी. कारण ती भाषा हिरावली, तर त्या माणसाचे पहिले पान वाचणारे कोणी उरत नाही. तो स्वतःसुद्धा नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगतो, तेव्हा आम्हालाही एक कबुली द्यावी लागेल. आमचे घर धानाच्या पट्ट्यातले, घरात झाडीबोली. पंधराव्या वर्षी आम्ही सेमिनरीत गेलो. तिथे शहरातली मुले होती. वर्षभरात आमची भाषा 'सुधारली'. पुढच्या वर्षी आई भेटायला आली. मुरमुऱ्याचे लाडू घेऊन, एसटीने, दोन गाड्या बदलून. मित्रांच्या देखत तिने आमच्या चेहऱ्याकडे पाहून विचारले, "डोरे काऊन लाल झाले?" आम्ही म्हणालो, "डोळे म्हण आई, डोरे नाही." मित्र हसले. आम्हीही हसलो. आई काही बोलली नाही. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा तिथे आली, तेव्हा जवळजवळ गप्पच बसे.

ऑगस्टीन सोळा वर्षांचे असताना त्यांनी मित्रांबरोबर शेजाऱ्याच्या झाडाची नासपती चोरली होती. भूक नव्हती, फळे चांगलीही नव्हती, बरीचशी डुकरांना टाकली. एकट्याने आपण हे केले नसते, असे ते लिहितात. तरीही दोष ते मित्रांवर ढकलत नाहीत. आम्हीही एकटे असतो तर आईला तसे बोललो नसतो. पण बोललो ते आम्हीच.

इथे आपण या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. मागे वळून पाहताना माणूस दोन चुका करतो. पहिली चूक म्हणजे, 'मी माझ्या हिमतीवर घडलो' असे म्हणणे. असे म्हणणाऱ्याने कोणाचे दूध प्यायले, कोणाचा शब्द उचलला, हे तो विसरतो. दुसरी चूक याच्या उलट: 'मला असे वाढवले म्हणून मी असा आहे, माझा काय दोष?' असे म्हणणारा, आपल्या हातात काहीच नव्हते असे समजतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला विवेक आला आहे असे धरले जाते. म्हणूनच त्या सुमारास आपण मुलांना पहिल्या पापनिवेदनासाठी तयार करतो. मूल लहान असते, घरच्यांवर अवलंबून असते, तरी 'हे मी केले' असे म्हणण्याइतके ते मोठे झालेले असते. तान्हेपणापासून तारुण्यापर्यंतची वाढ म्हणजे मिळालेल्यातून हळूहळू 'हे माझे, याचा जबाब मी देईन' असे म्हणता येणे. ज्याला आपले ऋण कळले नाही आणि ज्याला आपला दोष कळला नाही, ते दोघेही वयाने वाढले, पण मोठे झाले नाहीत.

आपल्यापैकी काहींना हे वाचून त्रास होईल, याची आम्हाला जाणीव आहे. सर्वांचे बालपण मोहफुलांसारखे गोड नसते. कोणाच्या घरी दारू होती, कोणाला उपास घडले, कोणाला वसतिगृहात मार खावा लागला, कोणाचे आईवडील आठवायलाही उरले नाहीत. त्यांनी वाईटाला चांगले म्हणावे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. जखमेला जखमच म्हणावे. पण ज्याला आज ही ओळ वाचता येते आहे, त्याला तान्हेपणी कोणीतरी उचलून घेतले होते, एवढे निश्चित. दोन महिन्यांचे बाळ एकट्याने जगत नाही. ते कोण होते, हे शोधावे.

संत लूक सांगतात की, बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडल्यावर आईवडिलांबरोबर नाझरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला. त्याच ठिकाणी ते असेही लिहितात की, त्याच्या आईने या सर्व गोष्टी आपल्या अंतःकरणात जपून ठेवल्या. देवाच्या पुत्राचे बालपणही एका आईच्या आठवणीत राहिले आणि आपल्यापर्यंत आले.

म्हणून आमची तीन गोष्टींची विनंती आहे. तरुणांनो, या आठवड्यात घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि विचारा: मी कधी जन्मलो, मला कोणी सांभाळले, माझा पहिला शब्द कोणता? त्यांच्याच बोलीत ते लिहून ठेवा. आईवडिलांनो, मुले वसतिगृहात जाण्याआधी त्यांना हे सांगा. सुट्टीत पुन्हा सांगा. आणि आपल्यापैकी जे शिकवतात, दवाखान्यात वा कार्यालयात काम करतात, त्यांनी समोर आलेल्या माडिया मुलाला त्याच्या भाषेतला एक शब्द तरी विचारावा आणि तो शिकावा.

हे आम्ही एवढ्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. आमची आई आता हयात नाही. आमच्या पहिल्या चार वर्षांबद्दल आम्हाला तीनच गोष्टी ठाऊक आहेत: रोवणीच्या दिवसांत जन्मलो, उशिरा चालू लागलो, आणि बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजल्या की झोपी जात असू. आमचा पहिला शब्द ती सांगत असे. आम्ही तो लक्षात ठेवला नाही, आणि आता विचारायला कोणी नाही.

त्या तरुणाच्या अर्जावर १ जूनच लिहिले. दाखल्याप्रमाणे तेच लिहावे लागते. पण एका कोऱ्या कागदावर त्याने आईचे बोलणे देवनागरीत, माडिया भाषेत उतरवून घेतले. ती सांगत होती, तो लिहीत होता, मधूनच थांबून एखादा शब्द विचारीत होता. कागद घडी करून त्याने खिशात ठेवला. जाताना आम्ही विचारले, "आता कुठे?" तो म्हणाला, "काकूकडे."

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू