मधल्या दिवसांचा पगार

परवा वाशीतल्या एका परिसंवादात ‘मदतकार्यातील मनुष्यबळ विकास’ या विषयावर दोन तास ऐकले. वक्ते तळमळीचे होते, चहाही चांगला होता. किती जणांना प्रशिक्षण दिले, किती प्रमाणपत्रे वाटली, याचे आकडे पडद्यावर सरकत होते. ती माणसे आज कुठे आहेत, असे मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, तर उत्तर आले, “गळती काय, सगळीकडेच असते.” मग एका कंपनीच्या सीएसआर विभागातले गृहस्थ उठले. आमचा रुपया गरजूपर्यंत जायला हवा, पगारात मुरता कामा नये, असे म्हणाले. टाळ्या पडल्या.

माझे भांडण त्या टाळ्यांशी आहे.

सेवाभाव आटला, ही तक्रार मी सोडून देतो. ती करणाऱ्यांची मुले सहसा बंगळुरूला असतात. ॲप आले की माणसे कमी लागतील, असे म्हणणाऱ्यांनी भर पावसात एकदा इर्शाळगड चढून पाहावा. पण पगारात मुरणाऱ्या रुपयाचा मुद्दा असा उडवून लावता येत नाही, कारण तो आता कायद्यात जाऊन बसला आहे. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणग्यांतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. सीएसआरच्या नियमांत ती ५ टक्के आहे. ती खरे तर कंपनीच्या स्वतःच्या कारभाराला लागू, पण संस्थेच्या अंदाजपत्रकावर लाल पेन फिरवतानाही पुष्कळदा तोच आकडा पुढे केला जातो. या बंधनांना काही कारणच नव्हते, असे मी म्हणणार नाही. देणग्या गाड्यांवर आणि परिषदांवर उडवणारे लोक मीही पाहिले आहेत.

तरीही विचारतो, रुपया ‘पोचला’ म्हणजे नेमके काय झाले? ताडपत्री पोचली, तांदूळ पोचला, हे मोजता येते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे पायथ्याशी राहिली आणि माणसे चढली. एनडीआरएफचे जवान, खोपोलीकडचे गिर्यारोहक, आसपासच्या वाड्यांतली पोरे. माती हातांनी उपसावी लागली. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते, ५७ जण बेपत्ता होते. पहिल्या रात्री त्या डोंगरावर पोचवण्यासारखी मदत एकच होती: पावसात, अंधारात वाट सापडणारा माणूस. त्याचा पगार कुठल्या रकान्यात टाकणार? परदेशी देणग्यांच्या नियमांत इस्पितळातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चातून वगळला आहे. योग्यच आहे, रुग्ण आणि विद्यार्थी समोर दिसतात. दरड न कोसळलेल्या दिवशी मदतकार्यातल्या माणसासमोर कोणीच बसलेले नसते.

त्याच चढणीवर नवी मुंबई अग्निशमन दलातले एक अधिकारी हृदयविकाराने गेले. अग्निशमन दलाला आपण हा हिशेब कधी लावत नाही. या महिन्यात आग लागली नाही, तेव्हा पगार ‘मुरला’, असे कोणी म्हणत नाही. गावगाड्यालाही एवढे कळत होते. लोहाराला दर फाळामागे पैसे मिळत नसत, सुगीला धान्याचा वाटा मिळे. नांगर मोडेल त्या दिवशी तो गावात असावा म्हणून. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता आणि ती गेली ते उत्तमच झाले. बलुत्याचे गोडवे गाणाऱ्यांत मला धरू नये. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. कामाचा पैसा वेगळा, तयारीचा पैसा वेगळा. आपल्याकडे मदतसंस्थांना पहिला मिळतो, दुसऱ्याला नाव ठेवले आहे ‘प्रशासकीय’.

प्रशिक्षण म्हणजे तयारी नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवायचे ठरले, प्रत्येकाला १२ दिवसांचे प्रशिक्षण. चांगलेच आहे, मी तेराव्या दिवसाबद्दल विचारतो आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर गावोगावी संवाद साहाय्यक म्हणून ज्या बायका पुनर्वसनाच्या कामात आल्या, त्यांच्यातल्या काही २००१ मध्ये कच्छच्या भूकंपग्रस्तांकडे गेल्या. मधल्या वर्षांत त्यांचे काम तुटले नव्हते, म्हणून त्या जाऊ शकल्या.

मी काही वर्षे एका संस्थेत होतो. नेरूळच्या कचेरीत एक पोलादी कपाट होते, त्यात पाच दोर. एक मुलगा ते आळीपाळीने काढायचा, सगळा दोर बोटांतून सरकवत मऊ पडलेली किंवा ताठरलेली जागा शोधायचा आणि वहीत लिहायचा. त्याचा करार कागदावर ११ महिन्यांचा, पण निधी ३१ मार्चला संपणारा. नवी मंजुरी यायची गणपतीच्या सुमाराला. म्हणजे दरडी कोसळतात नेमक्या त्या महिन्यांत तो पनवेलजवळच्या एका गोदामात खोकी उतरवत असायचा.

एका जुलैत मध्यरात्री फोन आला. कपाट उघडले. एका दोराला निळी चिकटपट्टी होती. ती कशाची, कोणाला सांगता येईना. वहीत शेवटची नोंद २९ मार्चची, तीही फक्त तारीख आणि सही. त्याला फोन लावला तर तो रात्रपाळीला, फोन लॉकरमध्ये. पट्टीचा दोर खराब असणार, असे धरून आम्ही तो कपाटातच ठेवला आणि उरलेले चार घेऊन निघालो.

सकाळी आठला त्याचा फोन आला. निळी पट्टी तो तपासून झालेल्या दोराला लावत असे. बाकीचे चार तपासायचे राहिले होते.