नोकरी, लेखणी आणि वेड

‘आधी नोकरी पक्की कर, मग काय ते लिही-वाच,’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आलं आहे. आमच्याकडे ही विभागणी पूर्वापार होती असं मात्र नाही. अरणचा सावता माळी मळा राखता राखता अभंग रचत होता, तेरचे गोरोबा मडकी घडवत होते, जनाबाईचं दळणकांडण थेट तिच्या अभंगांत आलं. कामातून उठून भक्तीला बसायचं, ही कल्पनाच त्यांच्या रचनांत नाही.

इंग्रजी अमलात कचेरी आली आणि दिवसाचे वाटे पडले. दहा ते पाच पोटासाठी, उरलेला वेळ साहित्यासाठी. या व्यवस्थेला मी सरसकट नावं ठेवणार नाही. ठरलेल्या पगारामुळे कित्येकांना बाजार काय मागतो हे न बघता लिहिता आलं. पण लिहिणं ‘फावल्या वेळाचं’ ठरलं, ते अजून पुरतं सुटलेलं नाही.

हे वाटे मोडणारी माणसं मला मोलाची वाटतात. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. रोपवन, वणवा, गस्त ही त्यांची सरकारी कामं. त्याच फिरतीत ते पक्ष्यांची घरटी बघत, आदिवासी आणि मासेमार पक्ष्यांना काय म्हणतात ते टिपून ठेवत. नवेगावबांधच्या तळ्याकाठी त्यांनी जे पाहिलं, ते रजा काढून आलेल्या पाहुण्याला दिसलं नसतं. एकाच जागी ऋतूमागून ऋतू काढावे लागतात, आणि ते नोकरीनेच त्यांना दिले. शिवाय संस्कृतचा अभ्यास होताच. जुन्या ग्रंथांतले पक्षी ते रानातल्या पक्ष्यांशी ताडून बघत. ‘पक्षीकोश’ उभा राहिला तो या सगळ्यातून.

नामवंत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली. आपल्या नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये, ही त्यामागची काळजी. लेखनाला ‘फावल्या वेळाचं’ म्हणून सूट न देता त्यांनी खरी परीक्षा द्यायला लावली, हे मला फार आवडतं.

अनिल अवचटांच्या बाबतीत काम आणि लेखन एक होण्याची ही गोष्ट आणखी पुढे गेली. शिक्षणाने डॉक्टर, हाताला ओरिगामी, लाकूडकाम आणि बासरीचा नाद, आणि लेखन हमाल, विडी कामगार अशा कष्टकऱ्यांवर. गर्दच्या व्यसनावर त्यांनी लिहिलं आणि त्या लेखनातूनच 1986 मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. लेखनाने इथे नवं काम जन्माला घातलं. पण हे कौतुक करताना डॉ. सुनंदा अवचटांना वगळणं अन्यायाचं होईल. त्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या, घर त्यांच्या पगारावर चालत होतं, आणि मुक्तांगणचा भारही त्यांनीच वाहिला. ‘आवडीचं तेच काम कर’ असा सल्ला हल्ली तरुणांना सर्रास दिला जातो. तो देणाऱ्याने या घरातला पगार कुणाचा होता, हेही सांगावं.

पगार एकाने आणायचा आणि आवड दुसऱ्याने जपायची, अशा जोडीची चैन बहिणाबाई चौधरींना नव्हतीच. शेत, चूल, जातं यांतच त्यांची ओवी आली. अक्षरओळख नसलेल्या या बाईंची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी उतरवून घेतली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये पुस्तक निघालं. खानदेशात त्याच काळी दळायला बसणाऱ्या इतर कित्येक बायकांच्या घरी लिहून घेणारं कुणी नव्हतं.