कैदेतून परतलेले आजोबा

लष्करी परंपरेच्या गावात भिंतीवर दोघांचे फोटो लागतात: पदक मिळवलेल्याचा आणि रणात पडलेल्याचा. शत्रूच्या कैदेतून जिवंत परतलेल्याला तिथे जागा नसते. त्याच्याविषयी नातवंडांना एवढेच सांगितले जाते, ‘आजोबा लढाईवर होते.’

दुसऱ्या महायुद्धातला मराठी जवान म्हटले की यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ही नावे पुढे येतात. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो इटलीतल्या पराक्रमाबद्दल. घाडग्यांना १९४४ मध्ये मरणोत्तर, जाधवांना १९४५ मध्ये. पण त्यांच्याच रेजिमेंटचे अनेक जवान त्याआधी शत्रूच्या तारेच्या कुंपणाआड गेले होते, हे किती घरांत ठाऊक आहे?

२० जून १९४२ रोजी जर्मन रणगाड्यांनी लिबियातल्या तोब्रुकची तटबंदी आग्नेयेकडून फोडली. तो भाग पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण, म्हणजे ‘काली पाँचवी’, सांभाळत होती. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले आणि सुमारे ३३ हजार सैनिक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती लागले. हिंदी कैद्यांची रवानगी इटलीतल्या छावण्यांत झाली; त्यांतली एक आव्हेत्सानोला होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली, जर्मनांनी देश ताब्यात घेतला आणि हजारो कैदी डोंगरांत पांगले. त्यांना आसरा देणाऱ्या इटालियन शेतकऱ्यांना देहदंडाची धमकी होती. तरी अनेकांनी दार उघडले.

फ्रान्समधली हकिकत तर याहून विलक्षण. ११ मे १९४४ ला अमेरिकी विमानांनी एपिनालवर बॉम्ब टाकले, तेव्हा तिथल्या हिंदी कैद्यांच्या छावणीच्या भिंती कोसळल्या. बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ५०० जण स्वित्झर्लंडला पोचले. सावळा रंग लपत नाही, फ्रेंच येत नाही, आणि मुलूख जर्मनांच्या ताब्यात. तरी गावकऱ्यांनी खाऊ घालून वाट दाखवली. अशा गावांपैकी एक एतोबों. पुढे २७ सप्टेंबर १९४४ ला जर्मनांनी या छोट्या गावातले ३९ पुरुष गोळ्या घालून मारले.

एवढे पाहून आलेला माणूस गावी गप्प का राहिला? एक तर पकडले जाणे नामुष्कीचे मानले जाई. दुसरे, १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यावर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि देशाचे मन तिकडे वळले. इंग्रजांच्या पलटणीतून कैदेत गेलेल्याची कथा ऐकायला कोण बसणार? तिसरे कारण अधिक अवघड आहे. युरोपातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन हजार जण सुभाषबाबूंच्या हाकेला ओ देऊन जर्मनीत उभ्या राहिलेल्या फौजेत गेले. १९४४ मध्ये ही फौज नाझींच्या वाफेन-एसएसच्या अखत्यारीत गेली. फ्रान्समधून माघार घेताना तिच्यातल्या काहींवर अत्याचाराचे आरोपही झाले. परतल्यावर इंग्रजांनी अशा जवानांची चौकशी करून प्रतवारी लावली. ‘काळे’ ठरलेल्यांची नोकरी गेली, थकलेला पगारही बुडाला.

म्हणून नातवाने शोध घ्यायचा तर दोन मोह टाळावेत. आजोबांना क्रांतिकारक ठरवण्याची घाई नको आणि गद्दार ठरवण्याचीही नको. कुणी भुकेने, कुणी देशप्रेमाने, कुणी सोबत्यांच्या मागोमाग त्या फौजेत जाण्यासाठी सही केली. कुणी ‘खाल्ल्या मिठाला जागायचे’ म्हणून नकार दिला. आज पंख्याखाली बसून निकाल देणाऱ्याने छावणीतला हिवाळा हिशेबात धरायलाच हवा. मात्र वाईट निघाले तर तेही झाकू नये. कुटुंबाची अब्रू राखण्यासाठी त्या फौजेच्या जर्मन धन्यांनी मारलेल्या एतोबोंच्या लोकांना गाळून लिहिलेला इतिहास खोटाच ठरेल.

आता सांगायला ती पिढी जवळजवळ उरलेली नाही. कागद मात्र काही घरांत असतील. नीरा खोऱ्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात जुना वाडा पाडून बंगला बांधताना लोखंडी ट्रंक भंगारात जाण्याआधी उघडून पाहावी. डिस्चार्ज बुकावरचा सैनिक क्रमांक आणि पलटणीचे नाव आधी उतरवून घ्यावे. त्या आधारे बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडे आणि पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करता येते. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडेही त्या युद्धातल्या कैद्यांच्या नोंदी आहेत.